‘फेअरी क्रमिका’ की ‘फेअरी श्रेढी’?

फोंड्याच्या एका गणितशिक्षिकेने विचारले आहे की, शून्य ते एक यांमधील अतिसंक्षिप्त अपूर्णांकांची जी चढती मांडणी जॉन फेअरी यांच्या नावाने ओळखली जाते, तिला मराठीत श्रेणी म्हणावे, श्रेढी की क्रमिका, आणि नाव ‘फेरी’ असे लिहिले तर चालेल का.

माझे मत क्रमिकेच्या बाजूने आहे. श्रेढीत लगतच्या पदांमधला फरक किंवा त्यांचे गुणोत्तर ठरलेले असते आणि श्रेणीत पदांची बेरीज अभिप्रेत असते. इथे दोन्ही नाही; आहेत ती फक्त ठरावीक क्रमाने मांडलेली पदे, म्हणजेच क्रमिका. छेद पाचपर्यंत घेतला तर ही पदे मिळतात: ०/१, १/५, १/४, १/३, २/५, १/२, ३/५, २/३, ३/४, ४/५, १/१. आपले पाव, अर्धा, पाऊण त्यांत जागच्या जागी बसलेले दिसतात. १/५ आणि १/४ यांतला फरक १/२०, तर १/३ आणि २/५ यांतला १/१५. म्हणजे फरक बदलतो, पण त्याचा अंश नेहमी एक आणि छेद म्हणजे दोन्ही छेदांचा गुणाकार असतो. या मांडणीचे खरे सौंदर्य मला यातच वाटते.

फेअरी हे इंग्रज भूवैज्ञानिक. प्रत्येक पद हे शेजारच्या दोन पदांच्या अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज एवढे असते, हे त्यांनी १८१६ मध्ये मांडले. सिद्धता फ्रेंच गणिती कोशी यांनी दिली आणि नाव फेअरींचे रूढ झाले, जरी आरो या फ्रेंच गणितीने ही गोष्ट १८०२ मध्येच दाखवली होती. अशा पदाला ‘मध्यक’ म्हणू नये, कारण सांख्यिकीत तो शब्द अडकलेला आहे; ‘मध्यस्थ अपूर्णांक’ मला चपखल वाटतो.

उपयोग दातेरी चाकांत स्पष्ट दिसतो. दाते पूर्ण संख्येतच असतात, म्हणून ०.३९ हे गुणोत्तर हवे असेल तर १/३ आणि १/२ यांच्यामध्ये २/५, मग ३/८, मग ५/१३, मग ७/१८ असे ०.३९ च्या दोन्ही बाजूंच्या जवळच्या अपूर्णांकांचे मध्यस्थ घेत सरकत जावे. १४ आणि ३६ दात्यांच्या जोडीने ०.३८९ पर्यंत पोचता येते. अशाच रीतीने घड्याळाची चाके जुळवण्याची पद्धत पॅरिसचे घड्याळजी अकील ब्रोको यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केली.

‘फेरी’ मात्र लिहू नये. गोव्यात तो शब्द वाचताच पणजी-बेतीची फेरीबोट डोळ्यांपुढे येते, आणि इतरत्रही ‘फेरी’ म्हणजे चक्कर असाच अर्थ लागेल. ‘फेअरी’ लिहिल्याने ते माणसाचे आडनाव आहे हे लगेच कळते.