कलम ५३ ची नोटीस आलीय? स्टे नंतर बघू, आधी अर्ज टाका

जुळे सोलापुरातून एका वाचकाने विचारलंय. परवानगी तळमजला अधिक एक मजल्याची, बांधला वर अजून एक मजला, शिवाय साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला मोकळी सोडायच्या जागेत, भाड्याला एक खोली. आता महापालिकेची एमआरटीपी कायदा १९६६ (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) च्या कलम ५३ ची नोटीस आलीय, महिन्याभरात जादा बांधकाम काढा म्हणून, तर स्टे, म्हणजे पाडकामाला स्थगिती, मिळेल का. अशी विचारणा सारखी येते, फक्त पेठ नाहीतर नगर बदलतं.

तुम्हीच लिहिलंय की नोटीस घेऊन तीन आठवडे झाले आणि ती लाईट बिलांच्या गठ्ठ्यात पडून होती, कारण 'गल्लीत सगळ्यांनाच येते'. अहो, गल्लीतल्या सगळ्यांना येते म्हणून तुमची मुदत थांबते का? याचाच मला राग येतो, कारण तुमचं घर त्या मुदतीवरच उभं आहे.

कलम ५३ चं पोटकलम ३ बघा. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत तुम्ही कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवायची परवानगी मागू शकता, आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकामाला हात लावता येत नाही. म्हणजे जो स्टे तुम्ही कोर्टात शोधताय तो कायद्याने फुकट दिलाय, फक्त मुदतीत मागायचा. तुमच्याकडे आठवडाभर उरलाय. मुदत गेली की हे संरक्षण गेलं.

दिवाणी कोर्टात दावा टाकू म्हणाल तर पालिकेचे वकील पहिल्याच तारखेला कलम १४९ पुढे करतील (या कायद्याखालचे आदेश अंतिम, त्यांना दाव्यात आव्हान नाही असं ते म्हणतं), आणि मग अधिकारक्षेत्र आहे की नाही यावरच तारखा पडत राहतील. हायकोर्टात जायचं तर आता सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, ऑगस्ट २०२५ पासून, मुंबईची फेरी वाचली, पण तिथेही विचारतीलच की मुदतीत अर्ज का नाही केलात. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल तुम्ही कळवलाय, पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी वगैरे. त्याने पाडायची पद्धत ठरते, तुमचा मजला कायदेशीर होत नाही. घरपट्टी भरतो हे तर सांगूच नका, शास्ती, म्हणजे बेकायदा बांधकामावरचा दंडाचा कर, भरली तरी बांधकाम नियमित होत नसतं.

आता अर्ज मंजूर होईल का? नकाशा आणि रस्त्याची रुंदी बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. पण वरच्या मजल्याची आशा आहे, कारण २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) बेसिक एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर मुळात किती बांधता येतं त्या मर्यादेच्या, वर पैसे भरून प्रीमियम एफएसआय मिळू शकतो, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, विकत घेऊन चढवता येतो. मात्र रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर हे दोन्ही विसरा. मार्जिनमधल्या खोलीचं अवघड आहे, मोकळी सोडायची जागा पैशाने भरून निघत नाही. ती खोली स्वतःच काढा आणि काढल्याचे फोटो अर्जाला जोडा, वरच्या मजल्याचा अर्ज तेवढा स्वच्छ होतो.

उद्याच लायसन्स इंजिनिअरकडून आहे तसा मोजणी नकाशा करून घ्या, जुना मंजूर नकाशा आणि नोटिशीची प्रत जोडा, ऑनलाइन भरला तरी एक प्रत आवक विभागात देऊन तारखेचा शिक्का घ्या. तो शिक्का नोटिशीच्या मुदतीच्या आतला पाहिजे.