"थोडंसंच तर आहे, काढून टाकू का?" – मधात नोकरी सुटलेल्या बायकांची पेन्शन

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की ताई नोकरी सुटली, जुन्या पीएफमध्ये थोडंसंच पडून आहे, काढून टाकू का. बहुतेकदा अर्ज भरून पर्समध्येच असतो, कोणीतरी फक्त हो म्हणायला पाहिजे असतं. म्हणून ही एक केस जरा सविस्तर लिहितेय, ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एक ताई, वय 42. 2006 ला हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला लागल्या, सहा वर्षं आठ महिने केले, मग दुसरं बाळ, त्यात सासूबाईंचं आजारपण, झालं, घरी बसल्या. नऊ वर्षांनी 2022 ला मिहानकडे एका ऑफिसात परत लागल्या. मिस्टर राज्य सरकारी नोकरीत, नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन. पोरीच्या कोचिंगची फी भरायची होती, त्यासाठी हिंगण्याच्या खात्यातला पेन्शनचा पैसा (पीएफमधल्या मालकाच्या हिश्शातून पेन्शन योजनेत जातो तो) काढायचा होता. खरं तर दुसरीकडे नोकरी चालू असताना तो काढायचा नसतोच, ट्रान्सफर करायचा असतो, तरी लोक अर्ज टाकतात.

मी म्हटलं आधी कागद दाखवा. जुन्या कंपनीनं दिलेल्या 3ए फॉर्मच्या (वर्षभराच्या पीएफ-पेन्शन हिश्शांचा तक्ता) झेरॉक्स होत्या, त्यात पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला 541. तेव्हा पेन्शनसाठी पगाराची मर्यादा 6,500 होती, त्याचे 8.33 टक्के तेवढेच होतात. सप्टेंबर 2014 पासून मर्यादा 15,000 झाली, म्हणजे नव्या पासबुकात 1,250 दिसायला हवेत. नव्या पासबुकात पेन्शनच्या कॉलममध्ये वरून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य. तीन वर्षं. ताईंना वाटलं असंच असतं.

असं नसतं. झालं काय होतं, की 2014 च्या त्या बदलानंतर ज्याचा बेसिक 15,000 च्या वर आहे असा नवीन माणूस पेन्शन योजनेत येतच नाही, त्याच्या मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. पण जो आधीपासून सदस्य आहे आणि ज्यानं पेन्शनचा पैसा काढलेला नाही त्याची सदस्यता चालू राहते. ताईंचा बेसिक 18,000. जॉइन होताना फॉर्म 11 मध्ये "आधी पेन्शन योजनेत होता का" ह्यावर कोणीतरी "नाही" वर टिक केली, आणि ताईंनी खाली सही केली, कारण "मी तर मधात घरीच होती नं ताई, जुनं कोण धरते". पैसा बुडाला नव्हता, पीएफमध्येच होता, पण पेन्शनची वर्षं मोजली जात नव्हती. आणि त्या दिवशी जुनं काढलं असतं तर परत आत यायचं दारच बंद.

इथे लोकांची गल्लत होते ती अशी, की ह्या पेन्शनमध्ये खात्यात किती साठलं ह्याला महत्त्व नाही, वर्षं किती झाली ह्याला आहे. हिशोब सरळ आहे, सरासरी पगार (मर्यादेतला) गुणिले वर्षं, भागिले 70. किमान दहा वर्षं लागतात, पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी. ताईंच्या जुन्या वर्षांना 6,500 ची मर्यादा लागते, नव्यांना 15,000 ची, तरी टिकून राहिल्या तर पाच हजारांच्या आसपास पोचतात. फार नाही, मला माहीत आहे. पण आता हेच कागद एखाद्या पुरुषाचे धरा, तीच कंपनी, तोच पगार, फक्त ती नऊ वर्षं तो घरी बसला नाही. त्याला महिन्याला साधारण 1,800 रुपये जास्त, जन्मभर. शिवाय नऊ वर्षांचा पीएफ आणि त्यावरचं व्याज वेगळंच. ताई आकडा बघून म्हणाल्या, "म्हणजे सासूबाईंचं केलं ते माझ्याच पेन्शनमधून कापलं." मी काही बोलले नाही, कारण हिशोबानं ते बरोबरच होतं. जर्मनीत 1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे संगोपनाची तीन वर्षं पेन्शनमध्ये धरतात, आपल्याकडे पगारी बाळंतपणाची रजा सोडली तर तसं काही नाही.

पुढच्या वेळी मिस्टरांना बोलावलं. माणूस चांगला, पण पहिलं वाक्य तेच, "मॅडम, माझी पेन्शन आहे नं, दोघांचं भागून जाते, हिला वेगळी काहून पाहिजे?" मी विचारलं तुमच्या मागे यांना किती मिळेल. ते स्वतः क्लार्क, नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ, पण हा प्रश्न बायकोच्या बाजूनं कधी पाहिलाच नव्हता. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, फॅमिली पेन्शन सुरुवातीची काही वर्षं सोडली तर त्याच पगाराच्या 30 टक्के. ते चार वर्षांनी मोठे, त्यात बायका सहसा जास्त जगतात, म्हणजे शेवटची बरीच वर्षं त्या 30 टक्क्यांवर. जरा वेळ गप्प बसले आणि मग एकदम कामाचं बोलले, की फी मी सोसायटीतून उचलतो, हिचं राहू द्या. मी अजून एक गळ्यात घातलं, की दर महिन्याला ताईंच्या नावानं पीपीएफमध्ये काहीतरी टाका, लाईट बिल भरता तसं, उरलं तर टाकू असं नाही. उपकार म्हणून नाही, त्या नऊ वर्षांची थकबाकी म्हणून. ताईंना सांगितलं पीएफमधला स्वतःचा हिस्सा 12 टक्क्यांच्या वर थोडा वाढवून घ्या, व्हीपीएफ म्हणतात त्याला, एचआरला एक अर्ज दिला की होतं.

ज्या आत्ता नोकरी सोडून राहिल्या त्यांच्यासाठी एवढंच, की दहा वर्षं झाली नसतील तर फॉर्म 10सी मध्ये पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट मागा, मग वर्षं जपली जातात. आणि परत लागाल तेव्हा फॉर्म 11 स्वतः वाचून भरा, एचआरच्या पोराला घाई असते.

ताईंचा दुरुस्तीचा अर्ज कंपनीनं पुढे पाठवलाय, जुना नंबर यूएएनला (सगळ्या नोकऱ्यांसाठीचा एकच पीएफ नंबर) जोडायचंही चालू आहे, वेळ लागेल. परवा फोन आला तो मात्र जाऊबाईंसाठी, त्या घरून डबे देतात, पीएफ वगैरे काहीच नाही, इन्कम टॅक्स भरत नाहीत, वय 39. म्हटलं उद्याच बँकेत पाठवा, अटल पेन्शनमध्ये साठीनंतर 5,000 पाहिजे असतील तर त्यांच्या वयाला महिना 1,318 पडतात, तिसाव्या वर्षी आल्या असत्या तर 577 मध्ये झालं असतं, आणि चाळिशी ओलांडली की घेतच नाहीत. "वाढदिवस कधी आहे हो त्यांचा?" विचारलं तर म्हणे पुढच्या महिन्यात.