मुंबई-अहमदाबाद महामार्गाचे पैसे जातात कुठे? थोडं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापी ते न्हावाशेवा तुमच्या गाड्या चालतात, खानिवडे आणि चारोटीला टोल भरता, डिझेलवर सेस भरता, सरकारने काँक्रीटसाठी शेकडो कोटी दिले, तरी वर्सोवा पूल ते मनोर हाल तेच. मग पैसे गेले कुठे, आणि पालघरमधल्या वाढवण बंदरासाठी आणखी निधी येतोय तर त्या भरवशावर गाड्या वाढवाव्यात का?

मी या रस्त्याच्या कामावर नव्हतो, पण महामार्गांच्या कामांवर देखरेख करणाऱ्या सल्लागारांकडे साइटवर बरीच वर्षं काढली आहेत आणि राहतो याच पट्ट्यात. त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो.

आधी टोल. आपला समज असा असतो की खानिवड्याला दिलेले पैसे खानिवड्याच्याच रस्त्यावर लागतात. 2009 नंतर दहिसर ते सुरत हा पट्टा बीओटीवर (कंपनीने बांधायचा, टोल घेऊन चालवायचा, मग सरकारला परत द्यायचा) सहापदरी झाला, तेव्हा टोल कंपनीला जायचा आणि रस्ता राखायची जबाबदारीही तिचीच होती. ती मुदत संपली आणि रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आला. प्राधिकरणाच्या नाक्यावरचा टोल केंद्राच्या संचित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत, जमा होतो आणि अर्थसंकल्पातून प्राधिकरणाला परत मिळतो. डिझेलवरच्या सेसचंही तसंच. तो केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतून देशभर वाटला जातो. म्हणजे तुमचा रुपया बराचसा रस्त्यांवर खर्च होतो, पण याच रस्त्यावर होईल असं कुठेही लिहिलेलं नाही. इथे पैसे यायचे तर इथल्या कामाचं अंदाजपत्रक मंजूर व्हावं लागतं. भांडायची जागा ती आहे.

आता काँक्रीटचं काम. दहिसर ते गुजरात सीमेजवळचं अच्छाड, 121 किलोमीटर, खर्च साडेपाचशे कोटींच्या घरात. आकडा मोठा वाटतो. भागून बघा: किलोमीटरला साडेचार कोटींच्या आसपास, आणि तेही दोन्ही बाजूंच्या मिळून सहा लेनसाठी. एवढ्यात जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर बसतो, ज्याला व्हाइट टॉपिंग म्हणतात. नवा पाया, रुंद पूल, अखंड सेवा रस्ते, मोठी गटारं हे सगळं एवढ्या रकमेत बसत नाही. पूल आणि भुयारी मार्ग यांची अंदाजपत्रकं वेगळी असतात, निविदा वेगळ्या निघतात आणि कामं वेगळ्या वेळी सुरू होतात. बातमीत मात्र एकच ओळ छापून येते, ‘महामार्गासाठी इतके कोटी’, आणि लोकांना वाटतं आता सगळंच होणार.

काँक्रीट टाकायचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. रस्त्याची झीज एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वजन वाढलं पावणेतेरा टक्के, झीज वाढली साठ टक्क्यांच्या आसपास. हे कायदेशीर मालाचं झालं, ओव्हरलोडचं तर विचारूच नका. गुजरातेतून जेएनपीटीकडे (न्हावाशेवा बंदराकडे) जाणारा माल, पावसाळ्यात चार महिने पाणी आणि त्याखाली जुनं डांबर. दरवर्षी खड्डे बुजवत बसण्यापेक्षा काँक्रीट बरं.

त्रास झाला तो ज्या तऱ्हेने काम झालं त्याचा. एका लेनचा जुना थर खरवडून आठ-नऊ इंचांचा स्लॅब टाकला की शेजारची लेन खाली राहते. त्या पायरीला पिवळी-पांढरी पिंपं, रिफ्लेक्टर, रात्रीचा दिवा हवा. नसेल तर दुचाकीवाला पडतो आणि मागून कंटेनर येत असतो. स्लॅबवर ओली गोणपाटं टाकून क्युरिंग करायचं, काही तासांत कटरने सांधे कापायचे, मग सांध्यात सीलंट भरायचं, आणि ताकद आल्याशिवाय लेन खुली करायची नाही. घाईने खुली केली की कोपरे तुटतात. सांधा नीट भरला नाही की पाणी आत जातं, ट्रक गेला की तेच पाणी खालची बारीक माती घेऊन वर उसळतं, आणि वर्ष-दोन वर्षांत पॅनल, म्हणजे दोन सांध्यांमधला स्लॅबचा तुकडा, हलायला लागतं. तुमच्या ड्रायव्हरला विचारा, कुठल्या पॅनलवर ‘धप्प’ आवाज येतो ते तो किलोमीटरच्या दगडासकट सांगेल.

आणि पाणी! ससूनवघर-मालजीपाड्याला पावसात महामार्ग तुंबतो हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजूबाजूला भराव झाले, नैसर्गिक नाले अरुंद झाले, पाण्याला जायला वाट उरली नाही. तिथे कितीही उत्तम काँक्रीट टाका, गाड्या पाण्यात उभ्याच राहणार. तो खर्च रस्त्याच्या थराचा नाही, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा) आणि नाल्यांचा आहे, आणि त्यासाठी प्राधिकरणाबरोबर महसूल खातं आणि महापालिकाही हलायला हवी.

पुलांचंही तसंच. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. वेगाचा भाग होताच, पण तिथे तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो हेही तेव्हा समोर आलं. रस्ता सहापदरी केला, जुना पूल तसाच ठेवला. या एका गोष्टीचा मला आजही राग येतो, कारण अंदाजपत्रक करणाऱ्याला ती कागदावर स्पष्ट दिसत असते. उलट वर्सोव्याला बघा. जुन्या पुलाच्या दुरुस्तीसाठी अवजड गाड्या बंद ठेवायची वेळ यायची, तिथे 2023 मध्ये नवा पूल सुरू झाला आणि खाडीवरची कोंडी खरोखर हलकी झाली. नेमक्या जागी पैसे टाकले की फरक पडतो.

वाढवणचं म्हणाल तर, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले 76,220 कोटी बंदराचे आहेत. बंदरापासून याच महामार्गावरच्या तवा इथपर्यंत साधारण 32 किलोमीटरचा नवा रस्ता आखला आहे. तवा ते दहिसर या जुन्या पट्ट्याला त्यातून काही मिळेल असं धरून चालू नका. त्यामुळे त्या बातमीवर गाड्या घेऊ नका. बंदर उभं राहायला वर्षं लागतील आणि हप्ते पुढच्या महिन्यापासून सुरू होतील. तोवर फेरीचा हिशेब किलोमीटरवर न करता तासांवर करा आणि माल देणाऱ्या पार्टीशी करार करताना खोळंब्याचे पैसे वेगळे लिहून घ्या. घोडबंदरला घाटाचं काम निघालं की चिंचोटी-कामण-भिवंडी धरावा लागतो, त्या रस्त्यावर टायर आणि स्प्रिंगचे पाटे किती जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

एक काम मात्र तुमच्या संघटनेने जरूर करावं. ‘रस्ता दुरुस्त करा’ अशी निवेदनं फार झाली. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयात द्या आणि नेमके कागद मागा: व्हाइट टॉपिंगच्या करारातलं कामाच्या व्याप्तीचं परिशिष्ट, दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते कलम, स्वतंत्र अभियंत्याचे किंवा देखरेख सल्लागाराचे मासिक अहवाल, आणि ससूनवघर ते नायगाव पट्ट्यातल्या मोऱ्यांचं मंजूर अंदाजपत्रक. दोषदायित्व कालावधी चालू असेपर्यंत फुटलेलं पॅनल ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बदलायचं असतं, सरकारी निधीची वाट बघायची गरज नसते. ड्रायव्हरांकडून तारीख आणि चेनेजसह (रस्त्यावरचा नेमका किलोमीटर) फोटो जमवायला आजच लागा. मासिक अहवाल हातात आले की इथे टाका, मी वाचून सांगतो त्यात काय शोधायचं.