वाचकांचे प्रश्न : नावाच्या पाटीचा भाव आणि भिंतीवरच्या चित्राचा हक्क

प्रश्न : घराच्या नावाच्या अझुलेजो (पोर्तुगीज धर्तीच्या, हाताने रंगवलेल्या झिलईदार) टाइल्स रंगवते. ऑर्डरी येतात, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. कळंगुटचा एक दुकानदार 40 टक्के कमिशनवर माल ठेवायला तयार आहे. देऊ का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी एका पाटीचा हिशेब मांडा. समजा, 6 इंची 6 टाइल्सची पाटी आहे. टाइल्स आणि रंग 300 रुपये, भट्टीच्या विजेचा वाटा 200. रेखाटनाला 2 तास, रंगकामाला 5, गिऱ्हाइकाशी बोलणे, पॅकिंग आणि पोच धरून 1, असे 8 तास. तासाला 200 धरले तर 1,600. झाले 2,100. भाजताना फुटणाऱ्या टाइल्सचे 10 टक्के घातले की 2,310, आणि त्यावर 25 टक्के नफा म्हणजे साधारण 2,890. तुमचे आकडे वेगळे असतील, पण यातली एकही बाब गाळू नका. बहुतेक जण ब्रश हातात असतानाचेच तास मोजतात आणि फूट धरतच नाहीत. पैसा तिथेच गळतो.

फूट कमी करणे तुमच्या हातात आहे. झिलईवर रंगवून 800 अंशांच्या आसपास भाजत असाल, तर भट्टी 100 अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका. तापलेल्या टाइलला वारा लागला की ‘टिक्’ असा बारीक आवाज होतो आणि केसाएवढी चीर जाते. ती त्या दिवशी डोळ्यांना दिसेलच असे नाही. पाटी भिंतीवर चढून एक पावसाळा गेला, की मळ भरून काळी रेघ उमटते. रंगाचा थर जाड बसला तर फोड येऊन पापुद्रा निघतो. तांबडा रंग तर आच जरा जास्त झाली की करपतो, म्हणून आधी एक तुकडा भाजून पाहा. आणि नाव फोनवर ऐकून कधीच रंगवू नका, गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या. ‘नाईक’चे ‘नायक’ झाले तर भाजल्यावर ते पुसता येत नाही.

आता दुकान. कमिशन विक्रीच्या किमतीतून कापले जाते. 2,890 वर 40 टक्के चढवून 4,046 ची चिठ्ठी लावलीत, तर तुमच्या हातात 2,428 च येतील. भागाकार करायचा : 2,890 भागिले 0.6, म्हणजे साधारण 4,817. घरून विकतानाही हीच किंमत ठेवा. तुमच्याकडे स्वस्त मिळते हे कळले की दुकानदार माल परत पाठवतो. तसे पाहता नावाच्या पाट्या करून ठेवण्यात अर्थ नाही. दुकानात दोन नमुने लावून ऑर्डरी घ्या आणि माड, होडी, मासे अशा सुट्या टाइल्स विक्रीला ठेवा. मालाची यादी दोन प्रतींत करा. फुटल्यास भरपाई कोणाची, हिशेब महिन्याच्या कोणत्या तारखेला, हे त्यातच लिहून सही घ्या.

प्रश्न : एका रिसॉर्टच्या भिंतीवर पैसे घेऊन चित्र रंगवले. आता तेच चित्र टी-शर्टवर छापून विकतात, माझे नावही नाही. करार काहीच नव्हता.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : कटू आहे, पण स्पष्ट सांगायला हवे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कोणी मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे टी-शर्टच्या पैशांवर दावा टिकणे कठीण. कलम 57 मात्र तुमच्या बाजूने आहे : चित्र तुमचे आहे हे सांगण्याचा आणि तुमच्या लौकिकाला बाधेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कॉपीराइट गेला तरी चित्रकाराकडे राहतो. नाव छापण्याची मागणी लेखी करा. रेखाटने आणि काम चालू असतानाचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

पुढच्या कामात कोटेशनखाली एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्या : “कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ग्राहकास चित्र या भिंतीवर ठेवण्याचा आणि त्याचा फोटो चित्रकाराच्या नावासह स्वतःच्या जाहिरातीत वापरण्याचा परवाना आहे. वस्तूंवर छापण्यासाठी वेगळा करार व वेगळा मोबदला.” हक्क विकायचेच असतील तर मुदत आणि प्रदेश लिहा. लिहिले नाहीत, तर कायदा 5 वर्षे आणि भारत एवढेच धरतो.

प्रश्न : पणजीतल्या एका कार्यक्रमाच्या मंच-सजावटीचे बिल 7 महिने अडले आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? ती आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिले तरी 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार अशा उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर करता येते. त्यासाठी कामाची ऑर्डर, बिल आणि काम पोचल्याचा पुरावा लागतो. नोंदणी कामानंतर केली असेल तर मागच्या बिलावर वाद निघतो. तेव्हा आधी लेखी नोटीस द्या. दिवाणी दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून साधारण 3 वर्षे असते. फोनवरच्या “पुढच्या आठवड्यात देतो”वर ती वाढत नाही, देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर वाढते.