विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातला घाशीराम आधी लाचार, मग क्रूर आणि शेवटी स्वतःच मार मागणारा कसा होतो? त्याचं मनोविश्लेषण करता येईल का?

करता येईल, पण ‘सूडाने पेटला’ एवढ्यावर विषय संपवू नका. माझा एक मित्र बारा वर्षं तेच म्हणतोय.

मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइडने १९३६ साली ‘आक्रमकाशी तादात्म्य’ मांडलं. ज्याने आपल्याला चिरडलं त्याचाच अवतार घ्यायचा, म्हणजे भीती जाते. पर्वतीला दक्षिणा घ्यायला गेलेल्या घाशीरामवर चोरीचा खोटा आळ येतो. कोतवाल झाल्यावर तो काय करतो? चोरीचा आळ आलेल्या एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायला लावतो. आळ तोच, फक्त जागा बदलली.

हे मला पुस्तकात वाचून नाही कळलं. परभणीहून पुण्याला आलो तेव्हा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. एकदा घरमालक काकांचे सातशे रुपये गेले. सहा पोरांत बाहेरगावचा नवा मीच. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि म्हणाले, ‘‘बॅग उघडा.’’ सगळ्यांसमोर माझी अंतर्वस्त्रंसुद्धा कॉटवर आली. पैसे दुसऱ्या दिवशी शोकेसमध्ये वीजबिलाखाली सापडले. त्यावर काका एवढंच म्हणाले, ‘‘चहा घेणार का?’’

चार वर्षांनी कर्वेनगरच्या फ्लॅटवर माझा हेडफोन हरवला. लातूरचा एक पोरगा नुकताच राहायला आला होता. मी चष्मा काढला, टी-शर्टला पुसला. ‘‘बॅग उघड.’’ हेडफोन माझ्याच ऑफिसच्या सॅकमध्ये निघाला. आणि मी त्याला काय विचारलं असेल? चहाचंच.

नाटकाच्या शेवटाबद्दल थोडक्यात. मुलगी गौरी घाशीरामने स्वतःच नानाला, म्हणजे पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीसला दिलेली, त्यामुळे ती मेल्यावर तो नानावर कितीही धावून गेला तरी हिशेब स्वतःशीच येऊन थांबतो. जमावापुढे तो मुलीसाठी शिक्षा मागतो. इतके दिवस बाहेर वळवलेली हिंसा आत वळते. (१९७२ साली इथेच पुण्यात पहिल्या प्रयोगात नाना झालेले मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, हा योगायोग मला फार आवडतो.)

मी मानसशास्त्र शिकलेलो नाही, बँकेत आहे. आणि हे सगळं तेंडुलकरांच्या घाशीरामबद्दल. १७९१ साली पुण्यात मारला गेलेला खरा कोतवाल वेगळा, त्याच्या मनात शिरायला आपल्याकडे काही नाही. नानाच्या राजकारणाशिवाय नाटक अर्धंच कळतं, हेही मान्य.

पण सूड नव्हे. सूडच असता तर मी नारायण पेठेत जाऊन काकांची कॉलर धरली असती ना? त्या गल्लीत मी आजही पाय ठेवत नाही. लक्ष्मी रोडवरून वळसा घालून जातो, आणि हे त्या मित्राला चांगलं माहीत आहे, कारण गाडीवर मागे तोच बसलेला असतो.