एमएसीपी दोन ‘गुड’ शेऱ्यांवर अडली, तर काय करता येईल?

प्रश्न : मी पुण्यातील एका केंद्रीय कार्यालयात सप्टेंबर 2004 पासून नोकरीला आहे. 20 वर्षं झाल्यावर मिळणारी दुसरी एमएसीपी (बढतीशिवाय ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनपातळी) नाकारल्याचा आदेश चार महिन्यांपूर्वी हाती आला. कारण : कामगिरीच्या पाच वार्षिक गोपनीय अहवालांपैकी दोनांत शेरा ‘गुड’. त्यातला 2018-19 चा अहवाल मला कधीच दाखवला नाही. 2021-22 चा पोर्टलवर पाहिला होता, पण हरकत घेतली नाही. त्यातल्या तीन भागांचे दहापैकी गुण 6.8, 5.5, 5.5 आणि एकूण 5.93. माझ्याइतकंच काम करणाऱ्यांना लाभ मिळाला. साहेबांचा राग हेच खरं कारण आहे. सहकाऱ्यांचे अहवाल माहिती अधिकारात मागवू का?

उत्तर : सहकाऱ्यांचे अहवाल मागवू नका. दुसऱ्याचा गोपनीय अहवाल ही वैयक्तिक माहिती ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे (2012) आणि आर. के. जैन (2013) या प्रकरणांत सांगितलं आहे. अर्ज फेटाळला जाईल, अपिलात महिने जातील आणि तेवढ्यात तुमची खरी मुदत निघून जाईल. साहेबांच्या रागाचा मुद्दाही सध्या बाजूला ठेवा. द्वेषबुद्धीचा आरोप करायचा तर त्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं आणि पुरावा द्यावा लागतो. तुमच्याकडे त्याहून भक्कम मुद्दे आहेत.

25 जुलै 2016 पासून एमएसीपीसाठी किमान ‘व्हेरी गुड’ लागतो. त्याआधी बऱ्याच पदांना ‘गुड’ पुरत असे. त्यामुळे ज्या शेऱ्याने पूर्वी कुणाचं काही बिघडत नव्हतं, तोच आता पगार अडवतो. म्हणूनच तो शेरा कर्मचाऱ्याला वेळेत दाखवणं ही निव्वळ औपचारिकता राहिलेली नाही.

आधी 2018-19 चा अहवाल. देव दत्त प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फक्त प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तिथेही शेरा ‘गुड’च होता आणि बढतीला ‘व्हेरी गुड’ हवा होता. सुखदेव सिंग प्रकरणात (2013) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत उचलून धरलं. 14 मे 2009 च्या कार्मिक विभागाच्या परिपत्रकानुसार पूर्ण अहवाल दाखवून निवेदनासाठी 15 दिवस द्यायचे असतात. तुम्हाला ही संधीच मिळाली नाही. निवेदनात मुख्य मागणी अशी लिहा : न कळवलेला अहवाल विचारात न घेता छाननी समितीने (एमएसीपीची पात्रता ठरवणाऱ्या समितीने) माझ्या प्रकरणाचा फेरविचार करावा. (अभिजित घोष दस्तिदार प्रकरणात न कळवलेले शेरे विचारात घ्यायला नको होते, असं न्यायालयाने म्हटलं आहे.) पर्यायी मागणी : अहवाल आता कळवा, निवेदनाची संधी द्या आणि शेरा सुधारल्यास मूळ तारखेपासून लाभ द्या. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात हव्यात. पर्यायी मागणी सुटली तर पुढे पंचाईत होते.

2021-22 चा अहवाल अवघड होता, कारण 15 दिवसांत हरकत आली नाही की अहवाल अंतिम धरला जातो. पण तुम्ही पाठवलेले आकडे नीट पाहा. अहवालाच्या नमुन्यात कामाच्या भागाला 40 टक्के, व्यक्तिगत गुणांना 30 आणि कार्यक्षमतेला 30 टक्के भार आहे. 6.8 चे 40 टक्के म्हणजे 2.72. 5.5 चे 30 टक्के 1.65, असे दोनदा. बेरीज 6.02. सहा ते आठच्या आतले गुण म्हणजे ‘व्हेरी गुड’! तुमच्या अहवालात 5.93 आलं, कारण कुणीतरी तिन्ही आकड्यांची बेरीज करून सरळ तीनने भागलं. इथे तुम्ही फेरमूल्यमापन मागत नाही, अधिकाऱ्याने स्वतः दिलेल्या गुणांची नियमाप्रमाणे बेरीज मागता आहात. उशिराचा आक्षेप कार्यालय घेईलच, पण हिशेबाची चूक दुरुस्त करायला नकार देणं त्यांना जड जाईल. मात्र पुनर्विलोकन अधिकाऱ्याने (अहवाल लिहिणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याने) वेगळे गुण दिले असतील तर हिशेब त्याच्या आकड्यांवर करावा लागेल, तेव्हा तो रकाना आधी तपासा. दोन्ही वर्षांचा अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने तुमचं काम किमान तीन महिने पाहिलं होतं का, हेही बदलीच्या आदेशांवरून पडताळा. तसं नसेल तर त्याला अहवाल लिहिण्याचा अधिकारच नव्हता.

माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण स्वतःपुरता : पाचही वर्षांचे अहवाल, 2018-19 चा अहवाल तुम्हाला दिल्याची पोच आणि छाननी समितीच्या इतिवृत्तातला तुमच्याविषयीचा भाग. पोच सापडली नाही तर कार्यालयाचं तसं लेखी उत्तर हाच तुमचा सर्वात मोठा पुरावा. पोर्टलवरचा 2021-22 चा अहवाल मात्र आजच उतरवून घ्या, त्यावरची तारीख दिसेल अशा बेताने.

मुदतीबाबत बहुतेक जण फसतात. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, 1985 च्या कलम 21 नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षात ‘कॅट’मध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) अर्ज करावा लागतो. निवेदनावर सहा महिने उत्तर आलं नाही तर त्यापुढे एक वर्ष मिळतं, पण त्या आधारावर निवांत राहू नका. एकामागून एक निवेदनं दिल्याने मुदत वाढत नाही. नकाराच्या आदेशापासूनच एक वर्ष मोजा. त्यातले चार महिने गेले आहेत. निवेदन या आठवड्यात, कार्यालयप्रमुखांमार्फत, पोच घेऊन द्या. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर ‘कॅट’च्या मुंबई खंडपीठापुढे कलम 19 चा अर्ज करा. शुल्क 50 रुपये आहे. (राज्य सरकारी वाचकांनी ‘मॅट’, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण गाठावं, त्यांच्या योजनेचे निकष वेगळे आहेत, पण देव दत्तचं तत्त्व त्यांनाही लागू आहे.)

न्यायाधिकरण स्वतः तुमचा शेरा सहसा बदलत नाही, फेरविचाराचा आदेश देतं. म्हणून अर्जात ‘व्हेरी गुड द्या’ एवढंच मागून थांबू नका. फेरछाननी, मूळ तारखेपासून लाभ, थकबाकी आणि व्याज हे सगळं मागा. देव दत्त निवृत्त झाले होते, तरी शेरा सुधारून बढती मिळाल्यास आठ टक्के व्याजासह थकबाकी द्यावी, असा आदेश झाला होता.

रक्कम किती? सप्टेंबर 2024 मध्ये लेव्हल 5 ला तुमचं मूळ वेतन 46,800 असेल, तर एक वेतनवाढ धरून 48,200 आणि लेव्हल 6 मधला त्यापुढचा टप्पा 49,000. म्हणजे दरमहा 2,200 रुपये मूळ वेतन, वर महागाई भत्ता. शिवाय ‘अपात्र’ ठरल्यामुळे दुसरी एमएसीपी जितकी लांबेल, तितकीच तिसरीही पुढे ढकलली जाते. त्यामुळे पुढच्या वर्षी समितीने लाभ मंजूर केला तर तो घ्या, पण स्वीकारताना ‘मूळ तारखेच्या हक्काला बाध न येता’ असं लेखी कळवा.