शब्दाला जागणे

प्रश्न असा आहे: अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या बर्फाळ रानाच्या कवितेत (‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’) शेवटी ‘प्रॉमिसेस’ येतात: ‘बट आय हॅव प्रॉमिसेस टु कीप’. तिथे ‘वचने पाळायची आहेत’ हे भाषांतर कोरडं वाटतं. दुसरं काही सुचतं का?

सुचतं. ‘शब्दाला जागणे’.

‘वचन’ म्हटलं की दशरथ-कैकेयी डोळ्यांपुढे येतात, एवढं ते भारदस्त आहे. पण खरी अडचण ‘पाळणे’ची. आपण पथ्य पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो. त्यात शिस्त आहे, ओढाताण नाही. आणि ही कविता तर सगळी ओढाताणीची. वर्षातल्या सर्वांत काळोख्या संध्याकाळी एक माणूस दुसऱ्याच्या रानाशी थांबून पडणारं बर्फ बघतोय. घोडा घुंगरं हलवून विचारतो, काही चुकतंय का? रान देखणं आहे, गर्द आहे, इथेच राहावंसं वाटतंय. अशा जागेवरून पाय निघतो तो नियम आठवून नव्हे, कुणाला तरी शब्द दिलाय म्हणून.

मराठीत माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, उपकाराला जागतो, दिल्या शब्दाला जागतो. हे ‘जागणे’ म्हणजे रात्र जागवण्यातलं, जागरातलं, कोजागरीतलंच. रोजच्या वापरात त्यातली जाग आपल्याला ऐकू येत नाही. पण या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी, म्हणजे दोनदा आलेली एकच ओळ, झोपेवर थांबतात. झोपेच्या इतक्या जवळ ‘जागणे’ आलं की ते लख्ख ऐकू येतं.

अनेकवचन मात्र सांभाळा. ‘शब्दांना जागायचंय’ म्हटलं तर शब्द म्हणजे नुसते शब्द उरतात, दिलेला शब्द नाहीसा होतो. मी असं करेन: ‘कितीकांना शब्द दिलाय, त्याला जागायचंय.’ कर्तव्याचा भार ‘-यचंय’ आपोआप उचलतो. ‘पाहिजे’, ‘लागेल’ यांची गरज नाही.

मूळ इंग्रजी शब्दांत जागरण नाही, तेव्हा ही भर घालावी का, असं कुणी म्हणेल. मी घालेन. ही कविता १९२२ च्या जूनमधली, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या घरात लिहिलेली. त्या रात्री फ्रॉस्ट एका दीर्घ कवितेवर काम करत जागाच होता. उजाडल्यावर ही लिहिली.